अकरा घरांतलं सिमेंट

यॅपमास्तरांच्या घराची ओढ्याकडची भिंत मी सोमवारी सकाळी उघडली आणि दहा वाजायच्या आत मला कळून चुकलं की हे काम माझ्या मिस्त्रींचं आहे.

सिमेंटच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी होती आणि ती जाळी घोड्याच्या नालेच्या खिळ्यांनी ठोकलेली होती. सगळ्या ऑर्लबरी गावात भिंतीला नालेचे खिळे ठोकणारा माणूस एकच, एनॉक प्रीस. त्यांचे वडील नालबंद होते. लोकांनी घोडे विकून ट्रॅक्टर घेतले तेव्हा वडिलांचं दुकान बसलं, घरात खिळ्यांच्या तीन गोण्या उरल्या आणि मिस्त्रींनी त्या तीस वर्षं पुरवल्या. माणूस महाचिकट.

मी छिन्नीनं सिमेंटचा एक कोपरा उडवला आणि जोत्यावरच्या तुळईत बोट घातलं. बोट आत गेलं, मग मनगट गेलं. चारशे वर्षांचा ओक, जो भर उमेदीत करवतीचे दात मोडतो, तो ओल्या केकसारखा माझ्या मुठीत आला.

आता यात नवीन काही नव्हतं, हे मी कबूल केलं पाहिजे. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे ओकचा सांगाडा. चौकटीचौकटींत हेझलच्या काठ्यांचा कूड विणायचा, दोन्ही अंगांनी माती, गवताचे तुकडे आणि शेण कालवून लिंपायचं, वरून चुना. माती पाऊस पिते आणि वारा सुटला की सोडून देते. लाकूड उन्हाळ्यात आखडतं, हिवाळ्यात फुगतं आणि माती त्याच्याबरोबर जरा सरकून घेते. चार शतकं या दोघांचा संसार बरा चालला होता. मग युद्ध संपलं, सिमेंट आलं, आणि शेणमाती म्हणजे भिकाऱ्याचं लक्षण असं लोकांना वाटायला लागलं. सिमेंट सरकत नाही. लाकूड आखडलं की मधे केसाएवढी फट पडते, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. हे आज आम्हा सगळ्या सुतारांना ठाऊक आहे. एकोणीसशे साठच्या सुमाराला कोणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं, आणि त्यांनी तर गावातल्या अकरा घरांत ते भरलं होतं. मी त्यांच्या हाताखाली आले त्यानंतरच्या चार घरांचं सिमेंट मी स्वतः कालवलेलं आहे.

हाताखाली आले म्हणजे कशी आले तेही सांगते. माझा बाप मिस्त्रींचा करवतीवरचा जोडीदार होता. तो गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मुलीच्या हातात पटाशी द्यायला सगळ्या परगण्यात कोणी तयार नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "पटाशीला कळत नाही हात कोणाचा आहे ते." एवढंच. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी कामावर. आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, माझ्या गाडीवर 'मर्सी गिटोज, ओकचं काम' असं लिहिलेलं आहे, आणि त्यातलं एकही अक्षर त्या माणसाशिवाय लिहिलं गेलं नसतं.

तेव्हा मी ठरवून टाकलं की मिस्त्रींना सांगायचं नाही. वय त्र्याऐंशी, कंबर गेलेली, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. पबमध्ये शेकोटीजवळ अर्धा ग्लास सफरचंदाची साईडर घेऊन बसायचं आणि कोणी वाटसरू भेटला की त्याला म्हणायचं, या गावातली अकरा घरं माझ्या हातानं वाचली. हेच त्यांचं राहिलेलं आयुष्य होतं. ते मी का काढून घेऊ? तुळई बदलायची, कूड विणायचा, माती लिंपायची आणि गप्प बसायचं. कोणी विचारलं तर ओढ्यावर ढकलायचं. यॅपमास्तरांच्या जोत्याला दर फेब्रुवारीत ओढ्याचं पाणी लागतं हे शेंबडं पोरही सांगेल.

त्याच दुपारी दुकानात पाव घ्यायला गेले तेव्हा मी ही थाप मोठ्यानं मारली. तिथे गर्टी बीडो होती, सायलस प्रोबर्ट होता, आणखी दोनतीन जण होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ओढ्यानं यॅपमास्तरांची तुळई खाल्ली. बाकीच्या दहा घरांचं काय, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. बाकीच्यांचं बाकीचे बघतील, असं मी मनाला सांगितलं. मन ऐकत नव्हतं, पण मी त्याला कामाला लावलं.

बुधवारी मिस्त्री काठी टेकत टेकत स्वतःच हजर. टेकडीवरून खाली यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली असणार.

"ओढा नडला म्हणतेस?"

"ओढाच," मी म्हटलं. "दर वर्षी पाणी लागतं. किती दिवस तग धरणार?"

"हं."

त्यांनी माझी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि खिशातून सफरचंद सोलायचा चाकू काढला. आधी खालच्या तुळईकडे पाहिलंही नाही. बसल्याबसल्या हात वर करून चाकू कोपऱ्यातल्या खांबात घातला, जमिनीपासून चार फुटांवर. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"ओढा इथवर चढला होता?"

मी छिन्नी उचलली आणि परत खाली ठेवली.

"मग यॅपमास्तर त्या दिवशी शाळेत पोहत गेले असतील."

"मिस्त्री, जाऊ द्या ना."

ते उठले. सिमेंटच्या चौकटीच्या कडेकडेनं त्यांनी चाकू टोचत नेला, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी तो लोण्यात गेल्यासारखा गेला. मग शेजारच्या चौकटीकडे वळले. तिच्यात अजून जुनी शेणमाती होती, कोणीतरी आजोबा-पणजोबांनी लिंपलेली. तिच्या कडेला चाकू टोचला तर टोक वाकलं. त्यांनी परत इकडे टोचलं, परत तिकडे टोचलं. दहा वेळा तरी. मी हाताची घडी घालून उभी होते. हा माणूस लाकडाला प्रश्न विचारत होता आणि लाकूड त्याला खरं सांगत होतं.

"मर्सी," शेवटी ते म्हणाले, "खोटं बोलायला मी तुला कधी शिकवलं?"

"ते मी माझं माझं शिकले."

"चांगलं शिकली नाहीस."

चाकू पुसून त्यांनी मिटला. मला वाटलं आता रागावतील, मग रडतील, मग मी त्यांना गाडीत घालून घरी सोडीन. ते तसलं काही न करता भिंतीकडे बघत राहिले.

"ओल आतच राहते?"

"आतच राहते."

"म्हणजे घराच्या आतल्या अंगालाही? खोलीत?"

"हो, मिस्त्री."

"ऑल्वेन," ते म्हणाले.

मला लगेच कळलं नाही. त्यांच्या बायकोचं नाव ते सहसा घेत नसत.

"तिच्या उशाशी मी हेच घातलंय. त्रेसष्ट साली. म्हणाली, एनॉक, रात्री भिंतीतून वारा लागतो. म्हटलं थांब, तुला अशी भिंत करून देतो की वारा काय, आवाजही येणार नाही. बावीस वर्षं ती त्या भिंतीला डोकं लावून झोपली. खोकला सुरू झाला तो सदुसष्टमध्ये."

"अहो, डॉक्टर म्हणाले होते ना, छाती लहानपणापासूनच नाजूक होती."

"डॉक्टरनं भिंत उघडून पाहिली नव्हती."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मी त्यांचा अभिमान वाचवायला निघाले होते, आणि तो तर आता त्यांच्या हिशेबातही नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या घरांत कोण कोण राहतं गं आता?"

मी सांगितलं. सायलस प्रोबर्टच्या माडीवर त्याची सून आणि दोन नाती. गर्टी बीडो एकटी. चक्कीवाल्यांच्या जुन्या घरात ते नवीन जोडपं, त्यांचं बाळ पाच महिन्यांचं.

"लिही," ते म्हणाले.

खिशात कागद नव्हता, म्हणून मी पेन्सिलीनं ओकच्या नव्या फळीवर लिहिलं. कोणत्या घराची कोणती भिंत हे त्यांच्याशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं. वरून सगळीकडे सारखाच पांढरा चुना. मी कालवलेल्या चार घरांतल्यासुद्धा दोनच भिंती मला आठवत होत्या. त्यांना सगळ्या आठवत होत्या, आणि आठवायची त्यांची तऱ्हाही खास होती.

"प्रोबर्टांकडे मागची, माडीवर. तिथे रोज बीटाचं लोणचं. नकोसं झालं होतं. बीडोंकडे दक्षिणेची, दोन चौकटी, बार्ली घातलेलं मटणाचं सूप. गर्टीचा हात तेव्हाही सढळ. चक्कीवाल्यांकडे जिन्याखालची, तिथे काहीच द्यायचे नाहीत, आपला पाव आपण न्यायचा. पाळणा कुठे ठेवतात विचार."

अशी नऊ घरं झाली, यॅपमास्तरांचं धरून दहा. अकरावं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही दारोदार गेलो. मी गाडी चालवायची, त्यांनी दार वाजवायचं. मी बोलते म्हटलं तर म्हणाले, "चूक माझी, तोंड तुझं कशाला?" प्रत्येक दारात टोपी काढून ते एकच सांगत होते: मी एनॉक प्रीस. तुमच्या अमुक भिंतीत मी सिमेंट घातलंय. त्यानं ओक सडतो. ती भिंत फोडा, मर्सी माती लिंपून देईल.

आणि कोणी ऐकेना.

सायलस प्रोबर्ट तर हसत सुटला. "मिस्त्री, तुमच्या हातची भिंत? अहो, माझा बाप म्हणायचा, सगळं घर पडेल आणि एनॉकची भिंत तेवढी उभी राहील."

"तेच सांगतोय," मिस्त्री म्हणाले. "अगदी तेच होणार आहे."

सायलसला ती थट्टा वाटली. त्यानं मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि आम्हाला साईडरची बाटली दिली. चक्कीवाल्यांच्या घरातलं नवीन जोडपं घाबरलं, पण भिंतीला नाही, मिस्त्रींना. बाईनं बाळाला कडेवर उचलून घेतलं आणि अर्धवट दार लावूनच बोलली. आणखी एकानं विचारलं की ही मर्सीची गिऱ्हाइकं वाढवायची युक्ती आहे का. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गर्टी बीडो मात्र चिडली. ती मिस्त्रींच्याच वयाची, दोघं एका शाळेत होते.

"अरे एनॉक, शुद्धीवर आहेस का? माझा हर्बर्ट त्या भिंतीला टेकून पंचवीस वर्षं पेपर वाचत बसला. मरायच्या आधी आठ दिवस मला म्हणाला, गर्टी, घर विक पण एनॉकनं केलेली भिंत कोणाला पाडू देऊ नकोस."

"हर्बर्टला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं."

"आणि आता झालं होय? त्र्याऐंशीव्या वर्षी?"

"यॅपमास्तरांकडे येऊन बघ. स्वतः हात घाल."

"तिथे ओढा आहे! मर्सीनंच सांगितलं दुकानात. सांगितलंस की नाही गं?"

सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. जे लोक यॅपमास्तरांकडे जाऊन सडका ओक बघूनही आले, ते मान हलवून म्हणाले, ओढा वाईट हो. मी गर्टीला तिथल्या तिथे सांगितलं की ती थाप होती, मिस्त्रींसाठी मारलेली. तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला संताप आला. "गुणाची आहेस," ती म्हणाली. "म्हाताऱ्याच्या हो ला हो करतेस. पण असं करू नये. त्यानं आजार वाढतो."

नऊ घरं झाली आणि एकाही घरानं होकार दिला नाही. परत येताना मिस्त्री गाडीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. माणूस जन्मभर खपून नाव कमावतो, आणि एक दिवस तेच नाव त्याचं खरं बोलणं गिळून टाकतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. काम जरा तरी वाईट केलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता.

गर्टीनं त्या रात्री ग्लेनिसला फोन केला. ग्लेनिस म्हणजे मिस्त्रींची एकुलती एक मुलगी, हेरफर्डला असते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी तिच्या जुन्या कोटांवर माझे हिवाळे गेले आहेत. शनिवारी सकाळी ती नवऱ्याबरोबर आली. नवरा गाडीतच बसून राहिला, कारण दुपारपर्यंत परत निघायचं होतं आणि बहुतेक तीन माणसांनी. मी मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात होते. तिनं मला अंगणात बोलावलं.

"मर्सी, तू तरी अक्कल वापरायचीस. त्यांना दारोदार फिरवतेस? लोक काय म्हणतायत ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. चुकीचं म्हणतायत."

"सोमवारी डॉक्टरांना दाखवायचंय. विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर आहेत. आणि एक जागा बघून ठेवलीय, चांगली आहे, बाग आहे. इथे टेकडीवर एकटे किती दिवस राहणार?"

"अगं, त्यांना अकरा घरांतली प्रत्येक भिंत आठवते. प्रत्येक घरचं जेवण आठवतं."

"जुनंच आठवतं, मर्सी. तेच तर लक्षण आहे."

वाईट याचं वाटलं की ती दुष्टपणानं बोलत नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते. आई गेली तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती, आणि या वेळी तिला उशीर करायचा नव्हता.

मिस्त्री दारात येऊन उभे होते. सगळं ऐकलं असणार. अंगात कामाचं जाकीट होतं.

"येतो डॉक्टरकडे," ते म्हणाले. "बागही बघतो. आधी एक भिंत उघडून देतो. आपल्या घराला ओढा लागत नाही ना, ग्लेनिस? टेकडीवर आहोत ना आपण?"

"बाबा, काय हे..."

"गर्टीलाही बोलाव. ती फाटकापाशी उभीच आहे, शिष्टासारखी."

गर्टी खरंच फाटकापाशी उभी होती, आपण केलेल्या फोनचं पुढे काय होतं ते बघायला. चौघं मिळून आम्ही आतल्या खोलीत गेलो. नऊ वर्षांत मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. पलंग तसाच, निळी चादर तशीच. भिंतीवर पिवळ्या फुलांचा कागद होता, आणि खालचा हातभर पट्टा तेवढा नवीन दिसत होता.

"हा दर दोन वर्षांनी बदलायचो," मिस्त्री म्हणाले. "खालून डाग यायचा. मी वरून नवीन चिकटवायचो. माझ्या भिंतीतून डाग कसा येईल, असं कधी मनातच आलं नाही. कागदच वाईट येतो म्हणायचो."

त्यांनी आणि मी पलंग ओढला. नखानं कोपरा धरून त्यांनी कागद फाडला. कागदाखाली कागद, त्याखाली आणखी कागद, सगळ्यात तळाशी करडं सिमेंट, आरशासारखं गुळगुळीत. माझ्याकडून त्यांनी हातोडा मागून घेतला आणि सगळी ताकद लावून हाणला.

काही झालं नाही. पांढरा ठिपकासुद्धा उमटला नाही. दुसरा घाव घातला, तिसरा घातला. हातोडा उडून त्यांचं मनगट दुखावलं. ग्लेनिस पुढे धावली तर त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"काम चांगलं केलंय मेल्यानं," ते पुटपुटले.

गर्टी विजयानं म्हणाली, "मी काय सांगत होते?"

"मर्सी, कडेनं घे," मिस्त्री म्हणाले आणि पलंगाच्या काठावर बसले.

मी छिन्नी घेऊन चौकटीच्या कडेनं गेले. नालेचे खिळे एकेक करून उपटले. अर्धा तास लागला. सिमेंटला कुठे चीर गेली नाही. ते अख्खंच्या अख्खं, दाराएवढं, एका तुकड्यात सुटलं. सायलसच्या बापानं म्हटलं होतं तसंच. ग्लेनिस आणि मी ते दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच्यामागे खांब असायला हवा होता. तिथे काळा लगदा होता. तो हळूहळू बसत खाली आला आणि जमिनीवर पसरला. आतून पाण्याची एक बारीक धार निघाली. जुलै महिना होता, तीन आठवडे पाऊस नव्हता.

आणि वास आला. कुबट, आंबूस, जमिनीखालचा.

ग्लेनिस एकदम मागे सरली. तिनं हात तोंडावर ठेवला.

"हा आईचा वास आहे," ती म्हणाली.

मग तिनं हात खाली घेतला.

"मी सुट्टीला यायचे तेव्हा या खोलीत हा वास असायचा. तिच्या केसांना, तिच्या गाऊनला. मला वाटायचं आजाराचा वास आहे. म्हणून मी... मी जास्त वेळ बसायचे नाही तिच्याजवळ. शेवटी शेवटी तर दारातूनच बोलायचे."

गर्टी पलंगावर मिस्त्रींच्या शेजारी बसली. तिनं त्या सिमेंटच्या तुकड्याकडे पाहिलं, त्या भोकाकडे पाहिलं.

"तू हर्बर्टला शब्द दिला होतास रे," ती म्हणाली. आवाजात आता राग नव्हता. "शंभर वर्षं म्हणाला होतास. खोटं बोललास का?"

"नाही. ठाऊक नसताना छातीठोक बोललो. खोटं म्हणायचं तर तेवढं खोटं."

"माझी कुठली म्हणालास?"

"दक्षिणेची. दोन चौकटी."

"सोमवारी ये. सायलसलाही मी सांगते. माझं ऐकेल तो, त्याच्या आईला मी पोहायला शिकवलंय."

ती निघून गेली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जावयाला कंटाळा आला होता. ग्लेनिसनं खिडकी उघडली आणि ओरडून सांगितलं, "तू जा. मी राहते." मग बाह्या वर सारल्या आणि आईच्या उशाच्या जागी गुडघे टेकून बसली. दोन्ही हातांनी तो काळा लगदा ओढून काढायला लागली. रडत होती आणि काढत होती. मी तिला माझे हातमोजे देऊ केले, ते तिनं घेतले नाहीत. माझेही डोळे भरून आले होते, आणि ते मी लपवले नाहीत.

मग ती मान वर न करता बोलली.

"बाबा, मला खरंच वाटलं होतं तुमचं डोकं फिरलंय."

"हं."

"तसं असतं ना, तर बरं झालं असतं."

"मलाही तसंच वाटतंय, पोरी," मिस्त्री म्हणाले, आणि काठी बाजूला ठेवून हळूहळू तिच्याशेजारी जमिनीवर बसले.